एका हाताचा बॅकहँड

इथे अमेरिकेत, चँडलरमधल्या शाळेत माझी मुलगी टेनिसच्या ज्युनियर व्हर्सिटीत, म्हणजे दुसऱ्या फळीच्या टीममध्ये खेळते. तिथे कोणी जिंकत नाही. समोरची जास्त चुकते, एवढंच. म्हणून मी फोल्डिंग खुर्ची टाकून निवांत बसतो.

परवा दुसऱ्या शाळेच्या मुलीने तिच्याविरुद्ध एक बॅकहँड मारला. एका हाताने, खांदा पूर्ण वळवून, अजिबात घाई न करता. चेंडू माझ्या मुलीच्या शेजारून गेला, रेषेवर पडला आणि मागच्या जाळीवर आदळला. बाकीचे पालक फोनमध्ये होते. माझ्या मात्र पोटात दुखायला लागलं. या कच्च्या पोरींमध्ये असला फटका आलाच कुठून? पुढच्याच पॉइंटला तिने डबल फॉल्ट केला, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं. शाळकरी पोरीवर जळत होतो मी, पण लेकीसाठी जळतोय, अशी स्वतःची समजूत घातली.

लेक हरली आणि हसत हसत गाडीत बसली.

“बाबा, तिचा बॅकहँड पाहिलास? सो ब्यूटिफुल. मी तिचा नंबर घेतला. शनिवारी ती मला शिकवणार आहे.”

मी गाडी सुरू केली. माझाही बॅकहँड एकाच हाताचा आहे. दर शनिवारी पार्कात मी तिला तोच शिकवायला बघतो, आणि ती म्हणते, “बाबा, दॅट्स सो ओल्ड.”