कागद सोडून बोलणारी पेशंट

फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात मावशींची बावीस वर्षं गेली. यंदा विद्यार्थ्यांच्या सरावासाठी सरांनी वर्गातच औषधाचं दुकान मांडलं. पेशंट व्हायला कोणी मिळेना, म्हणून मावशींनाच काउंटरसमोर बसवलं. हातात कागद दिला: रक्तदाब, रोज एक गोळी, अ‍ॅलर्जी नाही. एवढंच बोलायचं.

रक्तदाबाचा त्रास मावशींना खरोखरच होता. पहिल्या मुलाने गोळी कशी घेता म्हणून विचारलं, तसं त्या बोलून गेल्या की गोळी मोठी आहे, घशात अडकते, म्हणून मोडून घेते. मुलाने हातातली प्रश्नांची यादी पाहिली. त्यात हे नव्हतं. तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसरी तर "छान" म्हणून खूण करून मोकळी झाली. नऊ जण येऊन गेले. सगळ्यांचं बोट यादीवर, डोळा घड्याळावर. मावशींचं डोकं तापलं. यांच्यासाठी एवढी वर्षं हात झिजवले?

दहाव्या नंबरला आलेली मुलगी मात्र थांबली. "मोडून? पाकीट आहे का जवळ?"

मावशींनी पिशवीतून काढून दिलं. मुलीने नाव वाचून समजावलं, की ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळते. मोडली तर औषध एकदम अंगात उतरतं. दुपारी गरगरतं का, तेही विचारलं. गरगरायचं. मावशी उन्हाला बोल लावत होत्या. मनाने बंद करू नका, आजच डॉक्टरांना सांगा, असं ती म्हणेपर्यंत घंटी वाजली. यादीतले चार प्रश्न राहिले. सरांनी तिला नापास केलं.

मावशी तडक सरांच्या टेबलाशी गेल्या. "सर, माझं ऐकलं ते तिने एकटीने. बाकीच्यांनी नुसती हजेरी घेतली."

सर वाईट नव्हते. पण ऐकण्याला गुण द्यायचा रकानाच नाही, म्हणाले. वर मावशींनाच समज दिली, पेशंटने कागद सोडून बोलायचं नसतं.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. ते सांगायला मावशींनी मुलीला शोधलं, तर ती जिन्यात बसून यादी पाठ करत होती. मावशी तशाच मागे फिरल्या.

पुढच्या सरावाला त्यांनी बाटल्यांची सबब सांगितली. खुर्चीत वॉचमन बसला. तो सगळ्याला हो म्हणतो, यादी वेळेत संपते, सगळे पास होतात. मावशी मोरीचा नळ पूर्ण सोडतात, म्हणजे वर्गातलं ते हो-हो कानावर येत नाही.