अण्णाच्या पावलांवरचे ठिपके

अण्णा गेला त्याला आता दीड महिना होईल. फोन आला तेव्हा मी भाट्याला माझ्या अंगणात आमसुलं वाळत घालत होते. पूल ओलांडून मांडवीला त्याच्या घरी पोचेपर्यंत त्याला खाली घेतलं होतं, पायांचे अंगठे बांधले होते. शेवटचा नमस्कार करायला वाकले आणि दचकलेच. माझ्या थोरल्या भावाची दोन्ही पावलं निळसर ठिपक्यांनी भरली होती. रडू आलंच... पण खरं सांगायचं तर रडण्याआधी संशय आला.

अण्णा शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्तीनंतर मुंबईला लेकीकडे राहून ॲक्युपंक्चर शिकला आणि येताना पावलाचा एक चिनी तक्ता घेऊन आला. तो पडवीत टांगला. "हा तळव्याच्या खळग्यातला बिंदू बघ. चिनी लोक ह्याला उसळता झरा म्हणतात," तो म्हणाला. मी म्हटलं, "एवढा झरा आहे तर मे महिन्यात तुझ्या विहिरीला टँकर कशाला लागतो?" अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधली जागा म्हणे रागावरची. "तुझ्यासाठी संशयावरची शोधायला हवी गो," असं म्हणून हसला. माझा काडीचा विश्वास नव्हता. पायात टोचून डोकं दुखायचं कसं थांबेल? लोक मात्र यायचे. पण पायाला हात लावून घेताना प्रत्येकाचा जीव खालीवर. मास्तरांनी आपल्या पायांना शिवायचं म्हणजे पाप, म्हणून जुने विद्यार्थी आधी त्याच्या पाया पडत आणि सुया काढल्यावर पुन्हा पडत. हात मात्र त्याचा हलका होता, हे मी नाकारणार नाही. त्याच्या सुईचा डाग कधी राहत नसे.

म्हणूनच ते ठिपके डोक्यातून जाईनात. अण्णाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. त्या सोडून हा घाईघाईने स्वतःलाच टोचत बसला असणार, आणि त्यातच हृदयाने दगा दिला... म्हणजे त्या तक्त्यानेच माझा भाऊ नेला! दिवसकार्य चालू असताना मी त्याचं औषधांचं कपाट उलथंपालथं केलं. गोळ्यांची पाकिटं रिकामी होती. पण गोळ्या परसात फेकल्या तरी पाकीट रिकामंच दिसतं. तेरावं होऊन पाहुणे पांगले, तसं वहिनीला सरळच विचारलं, "अण्णा गोळ्या घेत होता का? खरं सांग."

"वन्सं, गोळी मी सकाळच्या चहाबरोबर हातावर ठेवत होत्ये. गिळेपर्यंत हलत नव्हत्ये."

"मग पायांचं काय झालं?"

वहिनीने पदर तोंडाला लावला. "ते माझे हात."

तिचे गुडघे कधीचे धरलेले. तुझ्या पायात सुया घालतो म्हणून अण्णा मागे लागला होता. पण नवऱ्याने बायकोच्या पायांना हात लावायचा? वहिनीने साफ नाही म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, मग तूच शिक. माझ्या पायांवर शिक, हात बसला की स्वतःला टोच. रोज दुपारी तो तिच्यासमोर पाय पसरून बसायचा. "चुकत होत्ये मी. रक्त साकळायचं. पण एकदाही पाय मागे घेतला नाही हो त्यांनी," वहिनी म्हणाली. माझ्या संशयातली हवाच गेली. मग मात्र मी अण्णासाठी पोटभर रडले, वहिनीच्या गळ्यात पडून.

वहिनीचा हात शेवटपर्यंत बसला नाही. त्यात तिला एवढं वाकताच येत नाही की स्वतःच्या पावलापर्यंत हात पोचावा. हे त्या शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं आणि बायकोने दुपारी घटकाभर समोर बसावं एवढंच त्याला हवं होतं, कोण जाणे. मला या दुसऱ्या गोष्टीचीच शंका जास्त.

सुई मी हातात धरणार नाही, हे वहिनीला बजावून ठेवलंय. पण मी तिच्याहून लहान, माझा हात तिच्या पायाला लागला तर पाप नाही. दुपारी पूल ओलांडून जाते, तिचं पाऊल मांडीवर घेते आणि तक्त्यात बघून अंगठ्याने दाबत बसते. "बरं वाटतं का?" विचारलं की म्हणते, "हो तर, खूप."

माझा अजिबात विश्वास नाही. मी यायची थांबू नये म्हणून ती खोटं बोलत असणार... पण मीही खोदून विचारत नाही.