चिठ्ठी निघायच्या आधीचा स्लॅब

मिक्सरच्या लिफ्टचा दोर तुटला तवा स्लॅब निम्माच टाकून झाला व्हता. भरलेली बकेट वरनं धाडकन खाली आली. खाली कुणी नव्हतं म्हणून वाचलं. माझी पोरगी पलीकडं लिंबाखाली झोळीत झोपलेली, ती दचकून रडायला लागली, आन् मी पन.

मी दौंडला आमच्या सोसायटीच्या साइटवर सुपरवायझर हाय. पोस्ट मोठी, शिक्षाण नववी नापास. सोसायटीनं बायकांना बांधकाम शिकवलं, त्यात मी टिकले, एवढंच. त्या दिवशी मोठे सुपरवायझर तापानं झोपलेले, आन् पयल्यांदाच सगळं माझ्या एकटीच्या अंगावर.

स्लॅब म्हंजी घराचं डोकं. तो एका दमात टाकावा लागतो. मधीच थांबलं की आधी टाकलेला काँक्रीटचा माल घट्ट व्हतो आन् नवा माल त्याला धरत न्हाई. तिथं सांधा ऱ्हातो. सांध्यातनं पानी झिरपतं, आतली सळई गंजती, आन् त्या घरातलं माणूस जल्मभर बादल्या मांडत बसतं. माझ्या हातात फार तर तासभर व्हता.

मिक्सरवाले बाळूशेठ निवांत. म्हनले, "बंद करा. नवा दोर यायला सांज व्हईल. उरलेला उद्या टाकू."

"शेठ, सांधा ऱ्हाईल की."

"केमिकल मारू त्याच्यावर. घर कुणाचं हाय? त्याला फोन लाव, इचार."

"कुणाचंच न्हाई आजून."

"म्हंजी?"

"चिठ्ठी निघायची हाय."

बाळूशेठ पोट धरून हसले. "मंग रडती कशाला गं? बिनधन्याच्या घरासाठी कोण येनार हाय घमेली उचलायला?"

ते खरंच वाटलं मला. आमचा नियमच तसा हाय. जागा सोसायटीच्या नावावर, घरंबी सोसायटीची. आपण ऱ्हायाचं, लेकरांनी ऱ्हायाचं, पन इकायचं न्हाई. आन् सगळी घरं बांधून झाल्याबिगर चिठ्ठ्या टाकायच्या न्हाईत, कुणाचं कोणतं ते ठरवायचं न्हाई. आमच्या चेअरमन म्हंजी आत्या, रेल्वेच्या दवाखान्यातनं रिटायर झालेल्या. त्या पयल्याच मीटिंगला म्हनल्या व्हत्या, "आधी वाटली तर जो तो आपल्याच भिंतीला पानी मारंल."

आत्यांना फोन लावला. मला बोलताबी येईना.

"आत्या, दोर तुटला, शेठ थांबा म्हनत्यात, मला न्हाई जमायचं, तुम्ही दुसरं कुणी बघा—"

"झालं रडून? मिक्सर फिरतोय का?"

"फिरतोय. लिफ्ट तेवढी बंद."

"शेजारच्या घराचा जिना झालाय का?"

"व्हय. तिथनं इकडं वर येता येतं."

"मंग घमेली हायती आन् जिना हाय. ग्रुपवर सांग. मी निघाले."

मला टायपिंग जमत न्हाई. मी बोलूनच पाठवलं. "जयभीम, स्लॅब अडकलाय, या लवकर," एवढंच. तोवर गड्यांना म्हनलं, चला, आपण तरी सुरू करू. बाळूशेठना म्हनलं, "ड्रम थांबवू नका." ते म्हनले, "बरं बाई, तुझा हट्ट."

पयल्या आल्या शेजारच्या वस्तीतल्या दोघी, कनकीचे हात तसेच. मंग रेल्वे कॉलनीतली, रात्रपाळी करून झोपलेली मानसं डोळं चोळत आली. कोण सायकलीवर, कोण रिक्षात कोंबून. एकानंबी इचारलं न्हाई, की स्लॅब कुणाच्या घराचा. तवा मला कळलं, की कुणाचं ते ठाऊक न्हाई म्हणूनच सगळी आली. उद्या चिठ्ठीत आपलंच निघालं तर?

आत्यांसंगं ग्लोरियाताई व्हत्या. लंडनच्या, काळ्या मानसांनी मिळून चालवलेल्या सोसायटीतल्या, आमचं काम बघायला आलेल्या. आदल्या दिवशी चहा पिताना त्या सांगत व्हत्या, की त्यांचे आजोबा तिथं गेले तवा दारावर पाट्या असायच्या, काळ्यांना खोली मिळनार न्हाई. मंग त्यांनी आपसात मिळून घरं केली. आत्यांची नात मराठीत सांगत व्हती. आमची सखूमावशी म्हनली, "आमच्याकडं पाटी नसती बाई. आडनाव इचारत्यात." नातीनं ते इंग्रजीत सांगितलं तशी ग्लोरियाताई किती तरी येळ मावशीचा हात धरून बसल्या.

आज त्या चांगल्या पांढऱ्या कपड्यात लायनीत उभ्या ऱ्हायल्या, जिन्याच्या मधल्या पायरीवर. खालनं घमेलं घ्यायचं, वर द्यायचं. एकदा घाम पुसायला थांबल्या तर सखूमावशी वरडली, "ओ लंडन! हात हालवा, माल सुकतोय!" त्यांना शब्द कळला न्हाई, पन हात मातर हालला.

मी वर व्हते. माल पसरवायचा, त्यातली हवा काढायला व्हायब्रेटर फिरवायचा, लेव्हल बघायची. झोळीला कोण झोका देतंय ते बघायला मान वळवायचीबी सवड नव्हती. कडंचं शेवटचं घमेलं सारखं केलं. खाली बघितलं तर पोरगी आत्यांच्या खांद्यावर झोपलेली. शेवटची घमेली बाळूशेठनी सोता उचलून दिली व्हती. सखूमावशी म्हनली, "शेठ, तुमचीबी चिठ्ठी टाकायची का?"

दुसऱ्या दिवशी, स्लॅब पक्का व्हावा म्हणून, त्यावर वाफे करून पानी कोंडलं. मी रोज खालनं सेंटरिंगच्या, म्हंजी स्लॅबला आधार दिलेल्या फळ्यांच्या, फटी चाचपायची. फळ्या काढल्या तवा वर पानी तसंच तुडुंब, आन् खालनं छत कोरडं ठाक. कुठंबी वल न्हाई. मी तिथंच भिंतीला टेकून बसले.

पुढं चिठ्ठ्या निघाल्या. ते घर एका ताईला लागलं. त्या दिवशी ती कंपनीत ड्युटीवर व्हती, तिला यायला जमलं नव्हतं. ती "मी तर एक घमेलंबी उचललं न्हाई" म्हनत रडत माझ्याजवळ आली, तर मी म्हनलं, "ताई, माझंबी बघ की."

मला कडंचं घर लागलं. त्याचा स्लॅब टाकला तवा मी कवठे येमाईला माहेरी बाळंतपणाला व्हते. त्यातलं एक घमेलंबी मी उचललेलं न्हाई. कुणी उचलली तेबी इचारलं न्हाई. पोरगी रात्री वर बघत हसती, आन् मला झोप लागती.

दोर मातर आता मशीन चालू व्हायच्या आधी मी सोता हातानं चाचपते. बाळूशेठ रागावत्यात. रागावू दे.