राखून ठेवलेला अर्धा

कुमुदताई बोकारे काकडीच्या चकत्या कधी करायच्या नाहीत. उभी चिरायच्या, अर्धी खायच्या आणि अर्धी डब्यात ठेवून झाकण घट्ट लावायच्या. नोकरीला नव्याने लागलेला कुणी हसला, तर म्हणायच्या, "हस बापा, हस. अर्धं राखायची सवय लागली नाही, तर तू भूवैज्ञानिक नाहीस, कबाडी आहेस."

ताई मूळच्या नागपूरच्या. भोपाळला सरकारी खनिज-शोध कंपनीत त्या माझ्या वरिष्ठ होत्या आणि सोनागिरीला लागून असलेल्या टाऊनशिपमध्ये माझ्या शेजारी. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि राग आला की दोन्ही एकदम.

काकडीची खोड त्यांना कामातूनच लागलेली. जमिनीत खोल ड्रिल मारलं की दगडाचा मनगटाएवढा दांडा निघतो. तो करवतीने उभा कापायचा. अर्धा प्रयोगशाळेत जातो, त्याचा भुगा होतो. अर्धा पेटीत घालून शेडमध्ये ठेवायचा, पुढे कुणाला शंका आली तर पुन्हा तपासता यावा म्हणून. "तो अर्धा आपला नसतो," ताई म्हणायच्या, "आपल्यावर विश्वास न ठेवणाऱ्याचा असतो."

अशाच ड्रिलमधून एका डोंगराखाली ताईंना लिथियम सापडलं, बॅटऱ्यांत लागतं ते. साठा दांडगा निघाला. आम्ही पेढे वाटले. ते पचायच्या आत कळलं, की खाण चालवायला एका खासगी कंपनीला दिली. "रांधायचं आम्ही आणि पंगत यांची!" ताई कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मला वाटलं, एवढ्यावर भागेल.

पण कंपनीने शेडमधले राखलेले अर्धेही मागितले, सगळेच्या सगळे, आपल्या प्रयोगशाळेत दळायला. आमच्या मोठ्या साहेबांनी फोनवरच हो म्हणून टाकलं. ताईंचं डोकं फिरलं. मालात लिथियम किती, यावर सरकारचा वाटा ठरायचा होता. "उद्या हे म्हणतील, माल हलका आहे, वाटा कमी घ्या. मग तपासायला काय राहील? माझी काकडी?"

ट्रक आला तेव्हा ताई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी मागे होतो, म्हणजे खांबाआड. मला दोन मुलींची लग्नं करायची होती.

"मॅडम, खदान अब हमारी है," कंपनीचा तरुण अधिकारी म्हणाला.

"चलाने को दी है, बेटा. मालिक तो अपन सब हैं. आधे का आधा काट के ले जाओ. पूरा चाहिए तो साहब से लिखवा के लाओ."

फोनवर हो म्हणणं सोपं, त्याखाली सही कोण करणार? साहेब मीटिंगमध्ये गेले ते बाहेरच येईनात. उन्हं चढली. ट्रकचा ड्रायव्हर कंटाळून खाली उतरला, तेव्हा ताईंनी डबा उघडून राखलेली अर्धी काकडी त्याला दिली. तसं मी पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळी ट्रक रिकामा गेला. पुढे कंपनीने अर्ध्यातला अर्धा कापून नेला, उरलेला शेडमध्येच राहिला.

ताईंची लगेच बदली झाली, निवृत्ती तोंडावर असताना. निरोपसमारंभ कुणी केला नाही, त्याचा मला अजून संताप येतो. शेडची किल्ली माझ्याकडे आली. देताना त्या म्हणाल्या, "तू घाबरतोस, ते मला माहीत आहे. घाबरत घाबरत बस, पण दारात बस."

गेल्या हिवाळ्यात भोपाळातच, आनंद नगरच्या घरी ताई वारल्या. त्यांचं तेरावं व्हायच्या आत मोठ्या साहेबांचा फोन आला. कंपनी आता खरंच म्हणत होती, की माल हलका निघतोय.

"अब तो मॅडम भी नहीं रहीं," साहेब म्हणाले. "वो पेटियाँ भिजवा दो. बेकार में जगह घेर रही हैं."

"सर," मी म्हणालो, "लिख के दे दीजिए."

पलीकडून फोन बंद झाला. मी टेबलामागची खुर्ची उचलली, शेडच्या दारात नेऊन टाकली आणि घाबरत घाबरत बसलो.