गठ्ठ्यात हात घालणारी राहीबाई

नगरच्या आडते बाजारातल्या तंबाखूच्या वखारीत मी बारा वर्षं कारकून होतो आणि धास्ती घेतली ती एकाच गिऱ्हाइकाची. कर्जतची राहीबाई. महिन्यातून एकदा एस.टी.नं यायची, वखारीत शिरली की पदर खोचायची. पुढ्यात ठेवलेला पानाचा गठ्ठा तिनं कधी मुकाट्यानं घेतला असेल तर शपथ! कोपरापर्यंत हात आत घालायची, तळातलं पान ओढून काढायची, नाकाला लावायची आणि म्हणायची, “हे मागल्या सालचं हाय, शामभाऊ. दुसरं काढा.” मी चरफडत दुसरा काढायचो. तोही बहुधा मागल्या सालचाच असायचा, आणि तिला तेही कळायचं.

नवरा गेल्यापासून तिचं घर चिलमीच्या तंबाखूवर चालत होतं. पान कुटायचं, गुळाचं पाणी शिंपडून मडक्यात मुरवायचं, आणि कर्जतच्या बाजारात गोणपाट पसरून विकायचं. दर मडक्यातली पहिली चिलीम ती स्वतः ओढून बघायची. कुणी हसलं तर त्याच्या तोंडावर धूर सोडायची.

दुष्काळ सरला, चौऱ्याहत्तर साल उजाडलं आणि आमच्या रंगनाथशेठनी वखार मुंबईच्या एका बड्या कंपनीला विकून टाकली. टेबल-खुर्चीबरोबर मीही विकला गेलो. हुकूम आला की सुटं पान बंद, यापुढे फक्त कंपनीची तयार पुडी. मला ‘विक्री प्रतिनिधी’ केलं. दोन दिवस मी हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी राहीबाई आली. मी तिच्या हातात पुडी ठेवली. तिनं ती उलटीपालटी केली, चाचपली आणि विचारलं, “हात कुठून घालू?”

 सुटं पान आता मिळणार नाही, एवढं कसंबसं सांगितलं. तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली, काखेत मारली आणि निघून गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दमयंतीनं, माझ्या बायकोनं, काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

पुड्या जिल्हाभर आपटल्या. चिलमीत भरल्या की घसा खरवडायच्या. शेवगावहून परत, पाथर्डीहून परत. एका कर्जतला मात्र हातोहात खपत होत्या. मी लाजेनं तिकडे फिरकलोच नव्हतो, माल परस्पर टेम्पोनं जायचा. मुंबईच्या साहेबांनी माझी पाठ थोपटणारं पत्र धाडलं आणि हे कसं साधलं ते बघायला स्वतः जीप घेऊन हजर झाले. आता त्यांना काय सांगणार, कपाळ? मलाच ठाऊक नव्हतं.

कर्जतच्या बाजारात पोचलो. दुकानातून पुडी घेतलेला जो तो एकाच बाजूला चालला होता. आम्हीही मागं गेलो. बघतो तर गोणपाटावर राहीबाई! सूर्यभान नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तिला पुडी दिली. तिनं ती टराटरा फाडली, परातीत ओतली, गुळाचं पाणी शिंपडून चोळली आणि मडक्यात टाकली. गेल्या बाजारी मुरत घातलेली त्याला दिली. मजुरी मूठभर ज्वारी.

साहेब लालबुंद. भर बाजारात कंपनीची पुडी फाडतात म्हणजे काय, हे बंद करा, म्हणाले. माझ्या मनात आलं: आपण हिचं सुटं पान बंद केलं, आता हे गोणपाटही उठणार, आणि ते साहेबाला आपणच दाखवलं.

राहीबाईनं वाद घातला नाही. कोरी पुडी चिलमीत भरली, बुडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळली आणि चिलीम साहेबांपुढे धरली. एवढा बाजार बघतोय म्हटल्यावर साहेबांना नाही म्हणता येईना. ओढली. असा ठसका लागला की सूर्यभाननं पाठ चोळली. मग तिनं आपली मुरवलेली भरून दिली. साहेबांनी एक झुरका घेतला, दुसरा घेतला आणि पँटची पर्वा न करता गोणपाटावर बसले. बाजार हसला, मग तेही हसले.

पण कंपनीचा माणूस तो. लगेच म्हणाले, तुमची कृती आम्ही विकत घेतो.

“गूळ आनि पानी. त्यात इकायचं काय?” राहीबाई म्हणाली. “पर मडकं उघडलं की मी पयली चिलीम वढून बघते. तुमच्यात कोन वढतं?”

कुणीच नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपारीसुद्धा खात नाही. मग तुम्हाला काय हवं, असं त्यांनी विचारलं. तिला सुटं पान हवं होतं. साहेब नियम सांगू लागले तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा साहेबाला मध्येच तोडलं. म्हटलं, “साहेब, ही बाई उठली तर कर्जतच्या पुड्यापण परत येतील.”

साहेबांनी आणखी एक झुरका घेतला आणि मग महिन्याला एक गठ्ठा मंजूर केला. कागदावर ‘नमुना’ म्हणून.

पुढल्या महिन्यात ती वखारीत आली. मी सकाळीच गोदाम पालथं घालून यंदाचा, ताजा, सगळ्यात उत्तम गठ्ठा काढून ठेवला होता. तिनं पदर खोचला, कोपरापर्यंत हात घातला, पान नाकाला लावलं.

“हे मागल्या सालचं हाय, शामभाऊ. दुसरं काढा.”

धडधडीत खोटं! ते यंदाचंच होतं आणि तिलाही ते ठाऊक होतं. मी हसत हसत दुसरा गठ्ठा काढायला उठलो.