बाजाराची सुटी

१९५६ साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि त्याच दिवाळीनंतर आमचे हे यवतमाळच्या एका जिनात कामाला लागले. कापसातून सरकी वेगळी काढायची, रुई वेगळी, आणि मधली धूळ माणसांनी गिळायची. संध्याकाळी यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असत. मी म्हणायची, "रोज म्हातारे होऊन येता काय जी?" हे हसत आणि गुळाचा खडा मागत. गुळानं छातीतली धूळ उतरते, असं सगळे जिनवाले मानत. आम्हीही मानलं.

तीन-चार हंगामांनी यांची छाती भरायला लागली, पण रोज नाही. आठवडी बाजाराला जीन बंद असे. त्या दिवशी हे मजेत बाजार फिरत, भजी खात. दुसऱ्या दिवशी कामावर गेले की छाती आवळून यायची. मग हप्ता सरेल तसं हलकं वाटायचं.

मला माझ्या अकलेचा भारी तोरा. मी ठरवलं, यांना सुटीच बाधते.

"तुमाले बसनं मानवत नाही," मी म्हटलं. "बाजाराच्या दिवशीही जिनात जात जा."

बंद दिवशी यंत्रं झाडायला माणसं लागतच. आठवड्याची साचलेली धूळ तेव्हा खराट्यानं काढत.

"एक दिवस तं बसू दे वं," हे म्हणाले. मी बसू दिलं नाही. भाकर बांधून हातात दिली.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशीचं आवळणं कमी झालं. मी शेजारणींना सांगत सुटले.

दोन हंगामांनी आवळणं पार थांबलं आणि कायमचा दम लागला. पावसाळ्यात, जीन बंद असतानाही, यांना विहिरीवरून बादली आणवेना. यांचं बघून मीही थकून गेले होते. शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी छाती तपासली, काम विचारलं आणि म्हणाले, "सुटीच्या दुसऱ्या दिवशी जास्त व्हायचं का?"

डॉक्टरांना कसं कळलं, म्हणून मी चमकले.

"धुळीपासून एक दिवस सुटका मिळाली की छाती मोकळी होते. पुन्हा धूळ आत गेली की बोंबलते. तेव्हाच ऐकायचं होतं तिचं. सुटी तरी नीट घेत होता ना?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"घेत होतो ना साहेब, दर हप्त्याले. ही तं मले जाऊच देत नव्हती."

परतताना हे चारदा थांबले. चौथ्यांदा मी विचारलं, "खोटं काहून बोलले जी?"

बराच वेळ श्वास जमवून म्हणाले, "मले आधीच दम नाही. त्यात तू रडली असती, तं तुले कोन समजावत बसन?"

हे होते तोवर मी यांच्यासमोर रडले नाही.