दादाची फाइल नव्या लॅपटॉपवर येत नाही

आधीच सांगतो, मी असलं काही मानणारा माणूस नाही. अमावस्येला दुकान उघडं ठेवतो, दाराला लिंबू-मिरची कधी बांधली नाही. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मीच हसायचो. तुम्हीही हसा... वाद घालायचं त्राण आता माझ्यात नाही.

राजारामपुरीत माझं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. वाढदिवस, अभिनंदन, श्रद्धांजली – कोल्हापुरात या कामाला तोटा नाही. ज्याला वाढदिवसाला गॉगल लावून दिला, त्यालाच कधीतरी फोटोत हार घालायची पाळी येते. सवयीनं हात चालतो.

दादाच्या बाबतीत मात्र सात वर्षं चालला नाही. माझ्या या थोरल्या भावाची पिकअप गगनबावड्याच्या घाटात, खाली झाडीत सापडली. दार उघडं. दादा मिळालाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, दवाखाने पालथे घातले. आई अजून दुपारी त्याचं ताट वाढते आणि संध्याकाळी ते गार अन्न मी खातो. हे बाहेर कुणाला ठाऊक नाही.

यंदा आमच्या चुलत्यांनी, आप्पांनी विषय काढला. "किती दिस वाट बगायची रं? विधी करून मोकळं हुया की." आई उठून आत गेली. मी 'बरं' म्हणालो. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. फोटो त्याच्या शेवटच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरनं कापून घेतला.

त्याच आठवड्यात नवा लॅपटॉप आला. जुन्याची बिजागरी गेलेली, रबरबँड लावून चालवत होतो. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून सगळ्या फाइली कॉपीला लावल्या. नीट आल्या. छपाईला पाठवण्याआधी बघावं म्हणून दादाची उघडली... अक्षरं आहेत, समया आहेत, हार आहे. हाराच्या आत नुसतं पांढरं.

जुन्यावर उघडली, तर दादा जागच्या जागी. पेनड्राइव्हनं नेली, मेल केली – नव्यावर पांढरंच. शेजारी इम्रान लॅपटॉप दुरुस्त करतो, त्याला हाक मारली.

"फोटो निस्ता लिंक केलायस, आत घातला न्हाईस," तो बसता बसता म्हणाला. मग त्यानं तपासलं. "आत हाय की लेका!"

मग त्यानं जुन्यावरच अख्ख्या डिझाइनचं एक सपाट चित्र केलं. त्यात वेगळा फोटो असा उरतच नाही, रंगाचे ठिपके तेवढे. ते नव्यावर नेलं. हाराच्या आत पांढरं. दादाचा वाढदिवसाचा फ्लेक्स मात्र नव्यावर व्यवस्थित उघडला, गॉगल लावून हसणारा. इम्रान उठला. "च्या सांगतो," म्हणाला आणि गेला. चहा आला नाही, इम्रानही आला नाही.

शेवटी नव्या लॅपटॉपवरच पहिल्यापासून डिझाइन केलं. तोच हसरा फोटो, त्याला हार. सेव्ह केलं, बंद केलं, उघडलं. पांढरं.

माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून मी त्या स्क्रीनवर ओरडलो, "मेला असशील तर मेलो म्हण की एकदाचा!" शटरच्या फटीतनं कुणाचे तरी पाय थबकलेले दिसले. मग पुढे गेले. मला फार लाज वाटली. सात वर्षांत मी दादावर आवाज चढवला नव्हता.

घरी गेलो तर आई उंबऱ्यातच. फ्लेक्सचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"नव्या मशिनीत थोरल्याचा फोटू आला न्हवं?"

"वाढदिवसाचा आला."

"मग झालं की," म्हणाली आणि आत वळली.

आप्पांना फोन करून विधी थांबवायला सांगितलं. का म्हणाले, तर मी म्हणालो, फाइल येईना.

इम्रान आता म्हणतो, मशीनचाच काहीतरी फॉल्ट असेल. असेलही. पण बाकीचे सगळे मेलेले त्याच नव्या लॅपटॉपवर हारासकट दिसतात. दादा आहे म्हणून असं झालं, असंही मी म्हणणार नाही. तसं मानायचं तर पुन्हा वाट बघावी लागेल आणि मी फार दमलोय. मला चमत्कार नको होता हो, मला ते संपवायचं होतं.

काय झालं, मला आजही सांगता येत नाही. जुना लॅपटॉप रबरबँडसकट कपाटात ठेवलाय. आज आईनं वांगं केलं होतं, दादाच्या आवडीचं. संध्याकाळी त्याचं ताट मीच संपवलं.